खुटकटाई : तेंदूच्या एका कापाचा इतिहास

१/२४
फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळ भरात असताना, सडक अर्जुनी तालुक्यातील जंगलालगतच्या गावांतून माणसे कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन रानात शिरतात. तेथे उभी असलेली तेंदूची झुडपे ती जमिनीलगत कापून टाकतात. कापलेले लाकूड कोणी घरी नेत नाही, त्याची विक्रीही होत नाही. झाड तोडणे एवढाच या श्रमाचा हेतू वाटावा, असे ते दृश्य असते. पुढे सुमारे दीड महिन्याने त्याच खुंटांतून तांबूस पालवीचे झुबके फुटतात. त्या पालवीची पाने मे महिन्यात हजारो कुटुंबांच्या हातात रोख पैसा आणतात. या कामाला पूर्व विदर्भात खुटकटाई म्हणतात. हा धागा त्या कापाच्या इतिहासाचा आहे.

२/२४
कापल्याने झाड वाढते, हे ज्ञान विदर्भातल्या शेतकऱ्याला नवे नाही. हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडून भाजी करतात. धानाच्या बांधीत पेरलेल्या लाखोरीचेही कोवळे शेंडे असेच खुडले जातात. घराला भाजी मिळते आणि रोपाला बाजूने फांद्या फुटून ते झुडूपदार होते. खुडलेल्या हरभऱ्याला फांद्या अधिक आणि म्हणून घाटेही अधिक, हा हिशेब घराघरांत ठाऊक असतो. खुटकटाई हे त्याच खुडणीचे जंगलातले रूप आहे. मात्र तेथे नखाऐवजी कुऱ्हाड लागते, आणि जे झाड कापायचे ते कापणाऱ्याच्या मालकीचे नसते. सारा इतिहास या दुसऱ्या फरकातून घडला.

३/२४
आधी झाडाच्या आत काय घडते ते पाहू. वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खोडातून खाली वाहते. त्याच्या प्रभावामुळे पानांच्या बेचक्यांतील डोळे झोपेत राहतात. केनेथ थिमन आणि फोक स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३-३४ च्या सुमारास घेवड्याच्या जातीतील एका शेंगरोपावर प्रयोग केले. शेंडा छाटला की बाजूचे डोळे फुटत. छाटलेल्या जागी ऑक्झिन लावले की ते पुन्हा दबून राहत. अलीकडच्या संशोधनाने त्यात आणखी एक कारण जोडले आहे: शेंडा गेला की त्याच्या वाट्याची साखर बाजूच्या डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात.

४/२४
खुडणीत फक्त शेंडा जातो, खुटकटाईत जमिनीवरचे सगळेच जाते. तरीही तेंदू मरत नाही, कारण त्याचे खरे भांडवल जमिनीखाली असते. त्याची मुळे खोल आणि चिवट असतात. खुंटावरचे झोपलेले डोळे तर फुटतातच, शिवाय आडव्या पसरलेल्या मुळांतूनही नवे कोंब वर येतात. वणवा, चराई, कुऱ्हाड या तिन्हींतून तेंदू तगतो तो याच गुणामुळे. आर. एस. ट्रूप यांनी १९२१ साली भारतीय वृक्षांच्या वनशास्त्रावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तेंदूच्या या मूळकोंबांची दखल आहे. शेतात हाच गुण डोकेदुखी ठरतो. नांगरटीनंतरही तेंदूचे कोंब पुन्हा पुन्हा डोके वर काढतात.

५/२४
बिडीला नेमके असेच कोंब का हवेत? मोठ्या, वाढलेल्या तेंदूची पाने लहान, जाड आणि चिवट असतात. वळताना ती तडकतात. खुंटातून किंवा मुळातून जोमाने फुटलेल्या कोंबांची पाने मोठी, पातळ आणि लवचीक असतात. मुळांत साठवलेले सगळे अन्न थोड्याशा कोंबांना मिळते, म्हणून पानाचा आकारही वाढतो. अशा पानातून पत्र्याच्या साच्याने बिडीचा तुकडा नीट कापता येतो, तो न फाटता वळतो आणि वाळल्यावर आकार धरून राहतो. थोडक्यात, बिडी धंद्याला तेंदूचा वृक्ष नको असतो. त्याला झुडूपच राहिलेला तेंदू हवा असतो.

६/२४
आणि तेंदू मुळात वृक्ष आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील ‘मेलॅनॉक्सिलॉन’ या शब्दाचा अर्थ काळे लाकूड असा आहे. जुन्या तेंदूचा गाभा काळाभोर निघतो. आबनूस ज्या कुळातला, त्याच कुळातला हा वृक्ष. मराठीत त्याला टेंभुर्णी म्हणतात. उन्हाळ्यात त्याची पिवळी, गोड फळे पिकतात. माणसे ती खातात, आणि माणसांच्या आधी अस्वले व पक्षी खातात. बिडीच्या आधीच्या काळात या भागातील लोकांना तेंदू ओळखीचा होता तो मुख्यतः या फळामुळे आणि लाकडामुळे. पान ही त्याची सर्वांत कमी मोलाची वस्तू होती.

७/२४
पानाला मोल आले ते वाहतुकीमुळे. सडक अर्जुनीच्या नावातली ‘सडक’ ही नागपूरहून रायपूरकडे जाणारी जुनी ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव असल्याने या अर्जुनीची ओळख सडकेवरून ठरली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेत विलीन झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून उत्तरेला जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीडकडे अरुंद मापाचे फाटे निघाले. दक्षिणेकडचा फाटा आजच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदडवरून जातो. जंगलाच्या मधोमध रेल्वे स्थानके उभी राहिली.

८/२४
याच वर्षांत बिडीचा धंदा कारखानदारीच्या रूपाला आला. मोहनलाल आणि हरगोविंददास या गुजराती व्यापाऱ्यांनी १९०२ मध्ये जबलपूर येथे बिडीचा व्यवसाय सुरू केला, ही या उद्योगाच्या इतिहासातील सर्वपरिचित नोंद आहे. तंबाखू गुजरातेतून किंवा निपाणीकडून यायची, पाने मध्य प्रांताच्या जंगलांतून आणि वळणारे हात आसपासच्या गावांतून मिळायचे. विदेशी सिगारेटवर बहिष्कार घालणाऱ्या स्वदेशी चळवळीने देशी बिडीला आणखी हात दिला. भंडारा, गोंदिया, तिरोडा, तुमसर या पट्ट्यात बिडी हा घराघरांतला जोडधंदा झाला. गोंदियाच्या अर्थकारणावर आणि राजकारणावर त्याची छाप आजही दिसते.

९/२४
झाड कापून कोवळी पालवी घेण्याची पद्धत बिडीने शोधून काढली, असे मात्र नाही. भंडारा-गोंदियाच्या जंगलात कोशाच्या अळ्या पोसण्यासाठी ढीवर समाजातील लोक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांना नवी पालवी यावी म्हणून त्यांची छाटणी करीत. लाखेची शेती करणारेही पळस आणि कुसुंब आधी छाटत, कारण लाखेचा किडा कोवळ्या फांदीवरच वाढतो. आसामातील चहाचे झाडही मोकळे सोडले तर उंच वृक्ष होते. मळेवाले ते कमरेएवढे राखतात, कारण त्यांना फक्त वरची कोवळी पाने हवी असतात. पानासाठी झाड ठेंगणे ठेवणे ही जुनी विद्या आहे. बिडीने तिचा विस्तार जंगलभर केला.

१०/२४
मध्य प्रांतातील जंगल तेव्हा दोन प्रकारच्या मालकांकडे होते. काही सरकारी राखीव जंगल होते. उरलेले मालगुजार आणि जमीनदार यांच्या ताब्यात होते, आणि भंडारा जिल्ह्यात असे खासगी जंगल पुष्कळ होते. बिडी-व्यापारी मालगुजाराकडून काही वर्षांसाठी पाने तोडण्याचा हक्क विकत घेई. मालगुजाराला काहीही न करता रक्कम मिळे आणि व्यापाऱ्याला पान मिळे. पाने खुडणाऱ्याच्या पदरी पुड्यांच्या मोजणीवर मजुरी पडे. या व्यवहारात एक प्रश्न मात्र कायम होता: पान चांगले यावे म्हणून झुडूप कापायचे कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी?

११/२४
तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून दोन उपाय आहेत. पहिला कुऱ्हाडीचा. प्रत्येक झुडपापाशी जाऊन ते जमिनीलगत, खुंट न चिरता कापायचे. त्याला माणसे लागतात आणि मजुरी द्यावी लागते. दुसरा उपाय काडीचा. पालापाचोळ्याला आग लावली की झुडपे वरून जळतात, मुळे वाचतात आणि कोंब फुटतात. पालवीपुरते पाहिले तर दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच. पण आगीला मजुरी लागत नाही. ती तेंदूबरोबर सागाची रोपे, पक्ष्यांची घरटी, जमिनीवरचे बी आणि माती धरून ठेवणारा पाचोळाही संपवते. कुऱ्हाड निवड करते, आग करीत नाही.

१२/२४
या दोन उपायांपैकी कोणता निवडला जाईल, हे हक्काची मुदत किती यावर ठरते. ज्याच्याकडे दहा वर्षांचा हक्क आहे, त्याला झुडपे नीट कापण्यात स्वारस्य असते. पुढच्या नऊ हंगामांचे पान त्याचेच असते. ज्याचा हक्क एका हंगामाचा, त्याला कापणीचा खर्च जड वाटतो. ब्रिटिश वनखात्याने राखीव जंगलात आग लावणे १८७८ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, आणि १९२७ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले. तरी वणव्याचा हंगाम आणि तेंदूचा हंगाम एकमेकांना लागून येत राहिले. कायदा आगीवर बंदी घालीत होता, पण ती लावण्याचे कारण शिल्लकच होते.

१३/२४
स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याची मुळे याच भागात होती. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी रद्द झाली, आणि ३१ मार्च १९५१ पासून त्यांची जंगले सरकारकडे आली. मालगुजारांशी आधीच करार केलेले तेंदूचे व्यापारी अडचणीत सापडले. त्यांनी विकत घेतलेला पानांचा हक्क जंगलाबरोबर सरकारकडे गेला, की त्यांच्याकडेच राहिला? या प्रश्नाचे उत्तर शेवटी तेंदूचे पान म्हणजे नेमके काय, यावर येऊन ठेपले.

१४/२४
गोंदियाच्या बिडी-उद्योगात मोठे नाव असलेली छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी ही पेढी काही इतरांसह न्यायालयात गेली. १९५३ च्या निवाडा-संग्रहात छापलेल्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्यांचे करार म्हणजे जंगलात जाऊन उत्पन्न गोळा करून नेण्याचे परवाने आहेत, असे न्यायालयाने मानले. या दृष्टीने तेंदूचे पान हे झाडावरून तोडून न्यायचा माल ठरले. जमीन कोणाचीही होवो, माल विकत घेणाऱ्याचा हक्क शाबूत राहिला. व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो फार काळ टिकला नाही.

१५/२४
१९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. त्यामुळे याच प्रश्नावरचा पुढचा मोठा खटला ‘महादेव विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने १९५९ मध्ये निकाली निघाला. या वेळी न्यायालयाने करारांची कलमे बारकाईने तपासली. हक्क केवळ उभी पाने तोडून नेण्यापुरता नव्हता. कित्येक वर्षे जंगलात जाणे-येणे, झुडपांची निगराणी व छाटणी करणे, पुढील हंगामांत येणारी पाने घेणे, हे सारे त्यात आले होते. अशा हक्काला आज फांदीवर असलेल्या पानाची साधी विक्री म्हणता येत नाही, तो जमिनीशी जोडलेला हक्क आहे, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून जमीनदारी गेली तेव्हा तो हक्कही सरकारजमा झाला.

१६/२४
या दोन निकालांमधले अंतर समजून घेण्यासारखे आहे. नुसते पान तोडणारा फळ तोडणाऱ्यासारखा असतो. तो येतो, घेतो आणि जातो. झुडूप कापणारा मात्र पुढच्या पालवीची तयारी करीत असतो. त्याचे काम शेतकऱ्याच्या मशागतीच्या जवळ जाते, आणि मशागतीतून जमिनीशी नाते तयार होते. कायद्याच्या भाषेत १९५९ चा निकाल व्यापाऱ्यांच्या विरोधात गेला. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली: तेंदूचे पान आपोआप येणारा रानमेवा नाही. तो केलेल्या श्रमाचा परिणाम आहे. ते श्रम प्रत्यक्ष ज्यांनी केले, त्या खेडूत मजुरांचा हक्क मात्र दोन्ही खटल्यांत विचारार्थ नव्हता.

१७/२४
पुढचे पाऊल राज्यांनी उचलले. ओडिशाने १९६१ मध्ये, मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ च्या वन उपज व्यापार विनियमन कायद्याने तेंदूचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला. खासगी शेतात येणारे तेंदूचे पानही परस्पर विकण्यावर बंधन आले. जंगलाचे घटक पाडून त्यांचा दरवर्षी लिलाव होऊ लागला, आणि सर्वाधिक बोली लावणारा ठेकेदार त्या हंगामाचा खरेदीदार झाला. मालगुजाराची जागा शासनाने घेतली. गावाच्या वाट्याला पूर्वीप्रमाणेच मजुरी आली. पुढे शासनाने उत्पन्नातील काही भाग बोनस म्हणून देण्यास सुरुवात केली.

१८/२४
हंगामाची रीत आजही फारशी बदललेली नाही. घरातील बायका, पुरुष आणि मोठी मुले पहाटेच रानात जातात आणि ऊन चढण्यापूर्वी पाने घेऊन परततात. दुपारी घरोघरी पुडे बांधले जातात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने आणि प्रमाण गोणीत १,००० पुडे, म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी होते. मजुरीचा भाव शंभर पुड्यांवर ठरतो. मग पुडे उन्हात पसरून, उलटून वाळवतात आणि पाणी शिंपडून पाने नरम झाली की बोद भरतात. मधेच अवकाळी पाऊस आला तर वाळत टाकलेला माल काळा पडतो.

१९/२४
या साखळीत खुटकटाई सर्वांत आधी येते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. धानाची मळणी उरकलेली असते आणि मोहफुले अजून पुरती पडू लागलेली नसतात, अशा रिकाम्या दिवसांत ती थोडी मजुरी देते. तिच्यात धोकाही असतो. झुडपांत वाकून काम करणारा माणूस वाघाला किंवा अस्वलाला अवचित सामोरा जातो. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला आणि त्याच्या भोवतालची गावे याच तेंदू-पट्ट्यात येतात. एका वर्षाच्या लिलावात खरेदीदाराला पुढील वर्षाच्या खुंटांची काळजी करण्याचे कारण नसते. त्यामुळे कापणी उशिरा, घाईने किंवा अर्धवट होते, आणि काडी ओढण्याचा मोह उरतोच.

२०/२४
वणव्याची किंमत या जिल्ह्याने पाहिली आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यातील आग विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. त्या आगीचा दोष तेंदूवर ठेवण्यास आधार नाही. वणवे मोहफुलांखालची जागा साफ करताना लागतात, टाकलेल्या बिडीनेही लागतात. पण जंगलाला आग लागावी असे आर्थिक कारण ज्या महिन्यांत अस्तित्वात असते, त्याच महिन्यांत ती विझवायला माणसे जातात, हे विसरता येत नाही. जी पालवी मजुरी देऊन कापून मिळवायला हवी, ती फुकट मिळवण्याचा हिशेब अखेरीस दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात जमा होतो.

२१/२४
कुऱ्हाडीचाही स्वतःचा हिशेब आहे. दरवर्षी कापले जाणारे झुडूप कधी वृक्ष होत नाही. त्याला फूल येत नाही आणि फळही धरत नाही. म्हणजे पान आणि टेंभुर्णीचे फळ यांपैकी एकच निवडावे लागते. एखाद्या पट्ट्यातील सारे तेंदू वर्षानुवर्षे कापले गेले तर तेथे मुळांतून कोंब येत राहतील, पण बियांपासून नवी पिढी उगवणार नाही. अस्वलाचे उन्हाळी खाद्य कमी होईल आणि ते गावाजवळच्या मोहाकडे वळेल. म्हणूनच नीट खुटकटाईचा नियम असा की विशिष्ट जाडीच्या वरची झाडे सोडायची आणि कोवळी झुडपेच कापायची. नियम सोपा आहे. तो पाळण्यासाठी पुढच्या वीस वर्षांचा विचार करणारा कोणीतरी लागतो.

२२/२४
२००६ च्या वनहक्क कायद्याने हा ‘कोणीतरी’ कोण, याचे नवे उत्तर दिले. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपानांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्याच यादीत खुंटही आहेत. हा कायदा गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन हे दोन्ही हक्क मान्य करतो. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे गडचिरोलीला मिळणारा पेसा कायद्याचा आधार येथील गावांना नाही. त्यांच्यासाठी सामूहिक वनहक्काचा दावा हाच मार्ग राहिला. २०१३ च्या हंगामापासून गडचिरोली-गोंदिया भागातील काही ग्रामसभांनी शासनाच्या लिलावाबाहेर राहून आपली पाने स्वतः विकायला सुरुवात केली.

२३/२४
विक्री गावाच्या हाती आल्यावर खुटकटाईचा अर्थ बदलतो. यंदा किती झुडपे कापायची, कोणता भाग मोकळा सोडायचा, आग कोणी लावली तर दंड किती, हे ग्रामसभेत ठरू शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर वेगळीच वाट धरली. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर त्या गावाने तेंदूचा तोडाच बंद केला. पानांसाठी होणारी छाटणी आणि लागणाऱ्या आगी जंगलाला परवडत नाहीत, हे त्यामागचे कारण होते. बांबूतून उत्पन्न घ्यायचे आणि तेंदूला फळे धरू द्यायची, असे ठरले. माधव गाडगीळ यांनी या निर्णयाविषयी आवर्जून लिहिले आहे.

२४/२४
पाचगावचा निर्णय प्रत्येक गावाला घेता येईल असे नाही. जेथे विकण्याजोगा बांबू नाही, तेथे मे महिन्यातील तेंदूची मजुरी हाच खरिपाच्या बियाण्याचा आणि मुलांच्या शाळेचा पैसा असतो. म्हणून पान की फळ, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. मालगुजाराने तो प्रश्न ठेकेदारावर सोडला होता, शासनाने लिलावावर सोडला. दोघांच्याही काळात झुडूप कापणाऱ्याला कोणी विचारले नाही. शंभराहून अधिक वर्षांत जमिनीखालचे तेंदूचे मूळ प्रत्येक कापाला पालवीने उत्तर देत राहिले आहे. सडक अर्जुनीच्या रानात पुढच्या फेब्रुवारीत कुऱ्हाड उचलली जाईल तेव्हा कोणते झुडूप कापायचे आणि कोणते वाढू द्यायचे, हे ठरवताना ती कुऱ्हाड धरणाऱ्याचेही मत घेतले गेले पाहिजे.